वाळा

एप्रिलमध्ये बरण्यांतलं पाणी उतरतं.
फॉर्मॅलिन असतं ते, मी पाणीच म्हणतो.
बाहेर बेचाळीस, वर पत्रा,
आणि ऑक्टोपसचं डोकं उघडं पडतं.
सोलापुरात समुद्र नाही
हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दोन कपाटं.
डावीकडचं काचेचं, कुलपाचं: पृष्ठवंशी.
बेडूक, सरडा, हिप्परग्याच्या तलावातला मरळ,
वटवाघळाचा सांगाडा, त्याचा एक पंख
मी फेव्हिकॉलने चिकटवलेला, किंचित उलटा.
उजवीकडचं बेसिनखाली: अपृष्ठवंशी.
दार लागत नाही, म्हणून वीट लावलीय.
विंचू, गोम, जळू, शिंपले,
आणि ज्यांच्या चिठ्ठ्या गळाल्या ते.
बिराजदार बाई वर्गात सांगतात,
शंभरातले पंच्याण्णव बिनमणक्यांचे.
पंच्याण्णवांना बेसिन,
पाचांना काच.
मी शिपाई आहे. कपाटं मी वाटलेली नाहीत.

पृष्ठरज्जू हा शब्द फळ्यावर आला
तेव्हा मी खिडकीशी ड्रॉपर धूत होतो.
रज्जू म्हणजे दोरी, एवढं कळलं.
साखर पेठेत आमचा माग होता.
खड्ड्यात पाय सोडून बापू म्हणायचे,
आधी ताणा, मग बाणा,
ताण्यावाचून काही उभं राहत नाही.
गोगलगाय त्यांनी नीट पाहिली नसावी.

परवा रम्या येमूल डबा घेऊन आली.
शेंगाचटणीचा वास, झाकणाला भोकं.
'अंबूमामा, गांडूळ. रांजणाखाली होतं.'
आईने पाण्यात वाळा टाकायला
रांजण जरा सरकवलेला.

काळपट, चकचकीत, बुटाच्या लेसएवढं.
मी ओल्या वर्तमानपत्रावर सोडलं.
गांडूळ चालताना लांबतं, आखडतं,
स्वतःचं माप पाळत नाही.
हे माप सोडेना.
नुसतं वळत राहिलं, भाव-बाजारच्या पानावरून,
आणि एका टोकाला क्षणभर
जीभ. सुताच्या तुसाएवढी.

'साप आहे हा,' मी म्हटलं.
'आंधळा. चावत नाही. मुंग्यांची अंडी खातो.
आत शंभरावर मणके.
ह्याचंही नाव वाळाच.'
रांजणात एक, रांजणाखाली एक.

ती मागे सरली नाही.
'पण अम्मा वानपामु म्हणाली.'

आमच्या तेलुगूत गांडूळ म्हणजे वानपामु,
पावसाचा साप.
म्हणजे भाषेने केव्हाच गांडुळाला
डावीकडच्या कपाटात नेऊन ठेवलेलं,
आणि हिच्या आईने सापाला गांडूळ म्हणताना
एका चुकीने दुसरी चूक
बरोबर केली.
हे बाईंना समजावायला गेलो,
मला जमलं नाही.

रम्याने विचारलं,
'त्याला माहीत असतं का, आपल्याला मणके आहेत ते?'
'तुला होतं?'
तिने हात मानेमागे नेला,
वेणीखालून एकेक मोजत उतरली,
गणवेशाच्या हुकापाशी विसरली,
पुन्हा एकपासून.

बाई म्हणाल्या, 'छान नमुना. बरणी काढा.'
बरणी शिल्लक नाही, मी म्हणालो.
ड्रॉवरमध्ये दोन होत्या,
धुतलेल्या, पालथ्या.

संध्याकाळी कुलूप लावताना
काचेचं कपाट भिंतीपासून जरा ओढलं,
तर मागची फळी हातात आली.
वाळवी.
समोर काच, चिठ्ठ्या, सांगाडे,
आणि मागे पृष्ठवंशींच्या कपाटाला
पाठच नाही.

रजिस्टरात मात्र रीतसर लिहिलं:
नमुना, एक.
आणणार, येमूल, सहावी ब.
अवस्था, जिवंत.
कपाट,
इथे मी बराच वेळ पेन धरून बसलो.
मग लिहिलं: रांजण.